गोदाम भिवंडीला, अ‍ॅनालिस्ट गुहागरला: सप्लाय चेन डेटाचं काम कोकणातून कसं सुरू करावं

बीकॉम, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालंय, जाहिरातीत ‘सप्लाय चेन डेटा अ‍ॅनालिस्ट, घरून काम’ असं वाचलंय, आणि डोंबिवलीत चौघांत खोली घेण्यापेक्षा आपल्याच पडवीत बसून हे जमेल का असा विचार चाललाय, अशा रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. जमतं. पण बहुतेक जण भलत्याच टोकाकडून सुरुवात करतात. आधी पायथनचा क्लास, मग सर्टिफिकेट, मग अर्ज, आणि माल कसा हलतो ते शेवटपर्यंत कुणी बघतच नाही. घरून काम करणाऱ्याला गोदाम दिसत नाही. त्याला दिसतात गोदामातल्या कुणीतरी केलेल्या नोंदी. त्या कुठे खऱ्या आणि कुठे फसव्या असतात हे ओळखता आलं की मग तुम्ही गुहागरला बसा नाहीतर गुरुग्रामला, कंपनीला फरक पडत नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय.

पायरी १: कामात नेमकं काय असतं ते समजून घ्या

कंपनीचा माल पुरवठादाराकडून कारखान्यात, तिथून गोदामात, तिथून वितरकाकडे किंवा दुकानात जातो. प्रत्येक टप्प्यावर एक नोंद पडते: खरेदीची पीओ (परचेस ऑर्डर), माल उतरला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), गाडी भरली की डिस्पॅच (माल रवाना केल्याची नोंद) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं बिल), पोचला की सही-शिक्क्याचा पीओडी (पोच पावती). अ‍ॅनालिस्ट या नोंदी जोडून वाचतो आणि सांगतो की कोणता माल पुढच्या आठवड्यात कमी पडणार, कोणता सहा महिने पडून आहे, कोणता ट्रान्सपोर्टर दर खेपेला उशीर करतो आणि विक्रीचा अंदाज किती चुकला.

सकाळी साठ्याचा रिपोर्ट ताजा करायचा, कमी पडणाऱ्या मालाची यादी प्लॅनरला पाठवायची, रखडलेल्या पीओंचा पाठपुरावा करायचा. आठवड्याला सेवेचे आकडे. महिन्याच्या शेवटचे दोन-तीन दिवस मात्र जेवायलाही उठवत नाही.

सेवेच्या आकड्यांतले दोन सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. ग्राहकाने १०० खोकी मागवली, ९५ वेळेवर पोचली, ५ दुसऱ्या दिवशी. इथे फिल रेट ९५ टक्के. पण ओटीआयएफ, म्हणजे वेळेवर आणि पूर्ण, हा आकडा त्या ऑर्डरपुरता शून्य. एकाच खेपेचे हे दोन निकाल. सेल्सवाले पहिला सांगतात, ग्राहक दुसरा सांगतो, आणि मीटिंगमध्ये दोघेही तुमच्याकडे बघतात.

पायरी २: घराजवळचा माल वहीत उतरवा

यासाठी कोकणाइतकी चांगली शाळा नाही. हापूसचंच घ्या. झाडावरून उतरवणं, प्रतवारी, पेंढ्यात पेटी भरणं, टेम्पो, वाशीचा बाजार, आणि शेवटी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. ही अख्खी पुरवठा साखळी आहे आणि तिची कागदपत्रं तुमच्या नाहीतर शेजारच्या काकांच्या कपाटात पिशवीत बांधून ठेवलेली असतात. एका हंगामाच्या पट्ट्या मागून घ्या आणि एक्सेलमध्ये उतरवा: पाठवल्याची तारीख, पेट्या, प्रत, गाडी, विकल्याची तारीख, भाव, हमाली, भाडं, आडत, हातात आलेली रक्कम.

उतरवायला बसलात की पहिल्याच पानावर अडाल. पेटी म्हणजे किती? फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर सहा किंवा त्याहून जास्त. वहीत नुसतं ‘४० पेट्या’. आता ४० पेट्यांचा सरासरी भाव काढला तर तो कशाचा भाव? तुम्हाला डझनाचा वेगळा रकाना करावा लागेल. कंपन्यांत याला युनिट ऑफ मेजरची गडबड म्हणतात. खरेदी किलोत, साठा गोणीत, विक्री पाकिटात, आणि रूपांतराचा आकडा कुणीतरी पाच वर्षांपूर्वी टाकून विसरलेला. साठा अचानक बारापट दिसला की आधी हाच आकडा तपासायचा.

दुसरी अडचण तारखांची. पट्टीवरची तारीख माल विकल्याची, पट्टी लिहिल्याची की पोस्टात टाकल्याची? मोठ्या गोदामांतही हेच होतं. रविवारी उतरलेला माल सोमवारी सकाळी सिस्टिममध्ये चढतो. मग रिपोर्ट सांगतो की शनिवारी निघालेल्या गाड्या सगळ्यात हळू येतात. गाड्या वेळेवरच आलेल्या असतात, नोंद करणारा रविवारी घरी असतो. असा वाराशी बांधलेला उशीर दिसला की ट्रान्सपोर्टरला मेल करण्याआधी गोदामात फोन करून विचारा, “एंट्री कोण करतं, कधी करतं?” हा एक प्रश्न तुम्हाला चार रिपोर्टांपेक्षा जास्त शिकवेल.

तिसरा धडा मासळीचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समजा रत्नागिरीच्या एखाद्या मासळी विक्रेत्याची वर्षभराची विक्री तुम्ही अंदाजाच्या मॉडेलला दिली. जून-जुलैत ताज्या सुरमईची विक्री शून्य दिसेल आणि मॉडेल समजेल की या दोन महिन्यांत सुरमई कुणाला नकोच असते. मागणी होती, माल नव्हता. कंपनीच्या डेटात असे शून्य जागोजाग असतात: गोदामात साठा संपला, म्हणून विक्री झाली नाही, म्हणून पुढच्या महिन्याचा अंदाज कमी, म्हणून खरेदी कमी, म्हणून पुन्हा साठा संपला. विक्रीच्या प्रत्येक शून्याशेजारी त्या दिवशीचा साठा ठेवून बघायची सवय इथूनच लावा.

काजू, कोकम, सुकी मासळी, चिरा काहीही चालेल. काजूत तर जागतिक साखळीच दिसते, कारण आपल्याकडच्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली कच्ची बीही फुटते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, त्यामुळे ‘माल कुठल्या बागेतला’ हा रकानाही आता शोभेचा राहिलेला नाही.

पायरी ३: हत्यारं, याच क्रमाने

एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (रिपोर्ट आणि ग्राफ करायचं साधन), आणि मग वेळ उरला तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा.

एक्सेलमध्ये पिव्हट, एक्सलुकअप, सम-इफ्स आणि पॉवर क्वेरी एवढं पक्कं हवं. सूत्रांपेक्षा एक्सेल गुपचूप काय बिघडवतो हे जास्त महत्त्वाचं आहे. ०००४५२१ हा मालाचा कोड फाइल उघडताच ४५२१ होतो आणि दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही. ०३/०४ ही तारीख पुण्यातल्या माणसाला ३ एप्रिल आणि शिकागोतल्या माणसाला ४ मार्च. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपतो, त्यामुळे पॅलेटवरच्या (माल रचायच्या फळीवरच्या) लेबलचा १८ अंकी क्रमांक शेवटचे तीन अंक शून्य होऊन बसतो, आणि एकदा सेव्ह झाला की परत येत नाही. कोडचे रकाने आत घेतानाच टेक्स्ट म्हणून घ्या. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. मोठ्या कंपनीच्या विक्रीला त्या पुरत नाहीत, म्हणून एसक्यूएल.

एसक्यूएलमध्ये सिलेक्ट, ग्रुप बाय, जॉइन आणि विंडो फंक्शन एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात. जॉइनवर, म्हणजे तक्ते जोडण्यावर, मात्र बसून अभ्यास करा, कारण या क्षेत्रातला सगळ्यात महाग घोटाळा तिथेच होतो. ऑर्डरची एक ओळ आहे, ३०० नग. तो माल तीन गाड्यांतून गेला, म्हणजे डिस्पॅचच्या तीन ओळी. दोन तक्ते सरळ जोडलेत तर ऑर्डरची ओळ तीनदा येते आणि मागणी ९०० दिसते. क्वेरी चालते, कुठेही लाल अक्षरं येत नाहीत, ग्राफही सुंदर दिसतो. उपाय असा की आधी डिस्पॅच ऑर्डरनिहाय एकत्र करायचं, मग जोडायचं, आणि जोडण्याआधी व नंतर एकूण नग मोजून बघायचे. ही मोजणी प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतो, पण फक्त विंडोजवर चालतो. मॅकबुक घेण्याचा मोह असेल तर हे आधी लक्षात घ्या.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मालाच्या नोंदी सॅप या सॉफ्टवेअरमध्ये राहतात. सॅप घरी शिकायला मिळणं कठीण, पण काही शब्द माहीत असले तर मुलाखत घेणारा खुर्चीत पुढे सरकतो. मूव्हमेंट टाइप (मालाच्या हालचालीचा कोड) १०१ म्हणजे माल आत, २६१ म्हणजे उत्पादनाला दिला, ६०१ म्हणजे ग्राहकासाठी बाहेर. एमबी५२ या स्क्रीनवर आत्ताचा साठा, एमबी५१ मध्ये मालाच्या हालचालींचा इतिहास.

अभ्यासासाठी एनपीटीईएल या साइटवर आयआयटींचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षेला शुल्क आहे. एमआयटीचा सप्लाय चेनवरचा मायक्रोमास्टर्स हा कोर्स ऑनलाइन आहे. एएससीएम या संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या एपिक्सची, सीपीआयएम आणि सीएससीपी ही प्रमाणपत्रं नामांकित आहेत, पण स्वस्त नाहीत. माझं मत विचाराल तर ती स्वतःच्या पैशांनी पहिल्या वर्षी करू नयेत. नोकरी लागल्यावर कंपनी खर्च देते का ते बघावं.

पायरी ४: एक गणित हाताने करा

सेफ्टी स्टॉक म्हणजे अडीनडीचा साठा. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, त्यातलं मर्म कमी जणांना कळतं.

समजा काजूगराची पाकिटं. रोज सरासरी ४० खपतात, खपाचं प्रमाण विचलन (रोजचा खप सरासरीपासून साधारण किती हलतो) १२, आणि मागणी नोंदवल्यापासून माल यायला ९ दिवस. ९५ टक्के खात्री हवी, म्हणून गुणक १.६५. अडीनडीचा साठा = १.६५ × १२ × √९ = ५९.४, म्हणजे ६० पाकिटं. नऊ दिवसांचा खप ३६० अधिक ६०, म्हणजे साठा ४२० वर आला की पुढची ऑर्डर द्यायची. पुस्तकातलं उदाहरण बहुधा इथे संपतं.

आता पावसाळा आणा. घाटात दरड येते, महामार्गाला वळण द्यावं लागतं, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्यांचा वेग कमी होतो. माल सरासरी ९ दिवसांतच येतो, पण कधी ७, कधी १२. या कालावधीचं विचलन २ दिवस धरा. आता वर्गमुळाखाली दोन पदं येतात: ९ × १२² = १,२९६, आणि ४०² × २² = ६,४००. बेरीज ७,६९६, वर्गमूळ ८७.७, गुणिले १.६५ म्हणजे सुमारे १४५ पाकिटं. साठ वरून एकशे पंचेचाळीस, आणि गिऱ्हाइकाने एकही पाकीट जास्त घेतलेलं नाही.

दुसरं पद पहिल्याच्या जवळजवळ पाचपट आहे, तिकडे लक्ष द्या. म्हणजे विक्रीचा अंदाज सुधारण्यावर महिने घालवण्यापेक्षा गाडी ठरलेल्या दिवशी आणण्यावर मेहनत घेतली तर साठा जास्त कमी होईल. हे गणित एकदा कागदावर करा, मग एक्सेलमध्ये, आणि विचलन २ ऐवजी १ आणि ३ टाकून बघा. मुलाखतीत “तुम्ही साठा कसा कमी कराल?” असं विचारलं की तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

पायरी ५: दाखवण्यासारखं एक काम तयार करा

सर्टिफिकेटांच्या यादीपेक्षा एक पूर्ण केलेलं काम वजनदार. दुसऱ्या पायरीतल्या पट्ट्या असतील तर त्याच घ्या, नावं आणि भाव झाकून. सोबत सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरून बाजार समित्यांची आवक आणि भाव उतरवता येतात. मोठा डेटा हवा असेल तर कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवर २०२० च्या एम५ स्पर्धेचा वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा आहे.

कामाचा शेवट एका पानाच्या टिपणाने करा: प्रश्न काय होता, डेटात काय खराब होतं आणि ते कसं दुरुस्त केलं, निष्कर्ष काय, आणि कशाबद्दल खात्री नाही. दुसरा मुद्दा सगळ्यात लांब असू द्या. टिपण इंग्रजीत लिहा, पण साध्या इंग्रजीत. नोकरीत निम्मं काम असं लिहिण्याचंच आहे.

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराचा अभ्यास करण्याजोगा आहे. १९८९ पासून चालू असलेलं हे जवाहरलाल नेहरू बंदर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे आणि भोवती कंटेनर फ्रेट स्टेशनांची (कंटेनर ठेवायच्या-उघडायच्या आवारांची) रांग लागलेली आहे. बिल ऑफ एंट्री (कस्टमकडचं आयातीचं घोषणापत्र), जहाजातून उतरणं, बंदराच्या गेटबाहेर पडणं, कस्टमची सुटका, डिलिव्हरी अशा टप्प्यांतला प्रत्येक दिवस कुणाच्या तरी खिशातून जातो. मोफत दिवस संपले की डिमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचे आकार, सुरू. आयात करणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीला जाताना हे टप्पे क्रमाने सांगता आले पाहिजेत. ई-वे बिलाचंही तसंच: साधारणपणे ५० हजारांवरच्या मालाला लागतं, आणि १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत आहे. ३५० किलोमीटरच्या प्रवासाला दोन दिवस. बिल काढल्याची वेळ म्हणजे गाडी सुटल्याची वेळ नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. बिल काढून गाडी गेटवर चार तास उभी असते.

जाता जाता एक गंमत. कोकण रेल्वेवर १९९९ पासून ट्रक वॅगनवर चढवून नेणारी रो-रो सेवा आहे. अशा ट्रकचा जीपीएस पाहिलात तर इंजिन बंद आणि गाडी मात्र पळतेय. मुंबईतल्या अ‍ॅनालिस्टने ती ओळ चूक म्हणून पुसली असती. तुम्ही पुसणार नाही.

पायरी ६: वीज आणि नेट

मुलाखतीत “बॅकअप आहे का?” हे विचारणारच. उत्तर आकड्यांत द्या.

विजेचं आधी. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. इन्व्हर्टरची घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरली तर हजार-अकराशे हातात येतात. लॅपटॉप, राउटर, फायबरचा डबा, एक पंखा आणि एक दिवा मिळून दीडशे वॉट धरले तर सहा-सात तास. घरच्यांनी त्याच इन्व्हर्टरवर टीव्ही आणि आणखी दोन पंखे लावले तर तीन. म्हणून कामाच्या खोलीची लाइन वायरमनकडून वेगळी काढून घ्या. राउटरला एक छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस स्वतंत्र लावा, म्हणजे वीज गेल्या क्षणी कॉल तुटत नाही. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर मे महिन्यात बघायचं राहतं आणि जूनमध्ये आठवतं, हे सगळ्या कोकणाचं आहे.

नेटच्या दोन लाइनी हव्यात आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या हव्यात. एक फायबर, एक मोबाइल, तोही दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही फायबर घेतल्या आणि दोन्ही त्याच खांबांवरून आल्या तर माडाची एक झावळी दोन्ही तोडते. जोडणारा माणूस तालुक्याहून येणार, म्हणजे उद्या किंवा परवा. मोबाइलचा सिग्नल घरात सगळीकडे सारखा नसतो. चिऱ्याच्या जाड भिंती वायफायही अडवतात, त्यामुळे मधल्या घरात ठेवलेला राउटर पडवीत रडत-खडत पोचतो. लॅनची केबल ओढून घ्या. खारी हवा लागून केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडतात, तेव्हा वर्षा-दीड वर्षाने टोकं बदला.

कामाला वेग फार लागत नाही. पण कंपनीने रिमोट डेस्कटॉप दिला असेल तर लाइन स्थिर हवी, नाहीतर एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जायला सेकंद लागतो. चाचणी दुपारी करू नका, रात्री आठला करा, आणि अपलोडचा आकडा बघा. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की मोबाइलचं नेट गुडघे टेकतं. फायबर तेव्हाच उपयोगी पडते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर आणि लॅन केबल दोन्ही काढा, बॅटरीवर काम करा.

शेवटी मोठ्या वादळाची सोय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, काही ठिकाणी आठवडे. अशा वेळी लॅपटॉप उचलून जायला एक जागा आधी ठरवलेली हवी, नातेवाइकाचं घर किंवा भाड्याची खोली. ती नदीकाठची नको. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली ते सगळ्यांना आठवत असेल.

पायरी ७: नोकरी कुठे आणि कशी शोधायची

पहिलीच नोकरी आणि तीही पूर्ण घरून, असं क्वचित जुळतं. ज्याने गोदाम पाहिलेलं नाही त्याला गोदामाचा डेटा द्यायला कंपन्या कचरतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. भिवंडी, पनवेल, तळोजा, उरण, चाकण इथे वर्ष-दोन वर्षं काढलेली पुढे खूप उपयोगी पडतात. घर सोडायचंच नसेल तर लोटे, महाड किंवा रत्नागिरीच्या एमआयडीसीत स्टोअर्स किंवा एमआयएसची (रिपोर्ट करण्याच्या कामाची) जागा बघा. पगार कमी असेल, पण जीआरएन चुकते कशी ते रोज डोळ्यासमोर दिसेल.

‘सप्लाय चेन डेटा अ‍ॅनालिस्ट’ एवढंच नाव शोधू नका. डिमांड प्लॅनर, इन्व्हेंटरी अ‍ॅनालिस्ट, लॉजिस्टिक्स अ‍ॅनालिस्ट, प्रोक्युअरमेंट अ‍ॅनालिस्ट, एस अँड ओपी (विक्री आणि पुरवठ्याचं एकत्र नियोजन) को-ऑर्डिनेटर, एमआयएस एक्झिक्युटिव्ह ही सगळी जवळची घरं आहेत. हायब्रिड जागा घेतलीत तर महिन्यातून किती दिवस हजेरी हे लेखी घ्या. तुतारीचं किंवा मांडवीचं तिकीट ऐन हंगामात मिळत नाही, तेव्हा “बोलावलं की या” हे पनवेलमध्ये राहणाऱ्याला परवडतं, कुडाळमध्ये राहणाऱ्याला नाही.

फसवणुकीचा धंदा जोरात आहे. नोंदणीचे पैसे, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगचं शुल्क, यातलं काहीही मागितलं की तिथेच थांबा. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. फक्त टेलिग्रामवर झालेली मुलाखत ही मुलाखत नव्हे.

पायरी ८: पहिले तीन महिने

ऑफिसात नवा माणूस शेजारच्याला कोपर मारून विचारतो. तुम्हाला ती सोय नाही, म्हणून प्रश्न लिहून विचारायची पद्धत बसवावी लागते. “रिपोर्ट चुकतोय” असं पाठवू नका. असं लिहा: “१२ तारखेला अमुक मालाचा साठा उणे ४० दिसतोय. ११ ला तो १६० होता, मधे २०० ची जावक आहे, आवक नाही. जीआरएन राहिली असेल का?” उत्तर दहा मिनिटांत येतं, कारण समोरच्याला शोधावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मागून घ्या: प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिलेला तक्ता, डेटा किती वाजता ताजा होतो त्याची वेळ, आणि गोदामातल्या एका सुपरवायझरचा नंबर. पहिली बहुधा नसतेच. ती तुम्हीच लिहायला घ्या, टीममध्ये नाव होण्याचा सगळ्यात सरळ रस्ता तो आहे. सुपरवायझरला फोन करताना आधी विचारा, “साहेब, गाडी लागलीय का? नंतर करू?” दुपारी गाड्या लागलेल्या असताना आकड्यांची चौकशी करणाऱ्याला पुन्हा कुणी फोन उचलत नाही. शक्य असेल तर स्वतःच्या खर्चाने का होईना, एकदा ते गोदाम बघून या आणि दिवसभर डॉकवर उभे राहा.

परदेशी टीम असेल तर वेळेचं गणित आधी मांडा. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्यांची घड्याळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलतात, तीही एकाच दिवशी नाही, त्यामुळे मधले काही आठवडे कॉल चुकायचा धोका असतो. गणपतीची रजा जूनमध्येच कॅलेंडरवर टाका आणि ती का लागते हे एकदा नीट समजावून सांगा.

पुरवठादारांचे दर, ग्राहकांची नावं, साठ्याचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर, स्वतःच्या मेलवर किंवा कंपनीने परवानगी न दिलेल्या एआय साधनात टाकू नका. कंपनीचा लॅपटॉप घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका.

आता घरचे. पोरगा घरी आहे म्हणजे मोकळा आहे, ही समजूत मोडायला निदान वर्ष जातं. गॅसची गाडी आली, लाइनमन आला, आत्याला दवाखान्यात सोडायचंय, सगळं तुमच्यावरच. वाद घालून उपयोग नाही. कॉलच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाराला चिकटवा, आणि दुपारचा एक तास घरच्या कामांसाठी खरोखर मोकळा ठेवा. तो ठेवलात तर उरलेले सात सुखाचे जातात.

पायरी ९: पैशांचे कागद

पगारी नोकरी असेल तर पीएफ, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते बघा. ‘बेस लोकेशन’ म्हणून एखादं शहर लिहिलं असेल तर उद्या बोलावलं की जावं लागेल.

करारावर काम असेल तर पगार नव्हे, बिल. टीडीएस कापून पैसे येतील, रजा आणि विमा तुमचा तुम्ही. म्हणून दर सांगताना वर्षाचे बारा महिने धरू नका, दहाच धरा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. नोंदणी असलेल्याला परदेशी ग्राहकाला एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरून जीएसटी न लावता बिल देता येतं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेकडून आवक पत्र मागून फाइलला लावत जा, आणि पहिलं बिल पाठवण्याआधी तालुक्याच्या सीएला करार दाखवा. त्यांनाही ‘सप्लाय चेन अ‍ॅनालिस्ट’ म्हणजे काय ते सांगावं लागेल. काजूच्या पाकिटांचं गणित तिथेही चालतं.